गोटुलातील गानशाळा

गडचिरोली जिल्ह्यातील घनदाट अरण्यात हेमलकसा हे लहानसे गाव वसलेले आहे. जवळच भामरागड येथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांचा संगम होतो. या नद्यांच्या आसमंतात माडिया लोकांची लहान लहान गावे विखुरलेली आहेत. पावसाळ्यात पूर आला म्हणजे गावागावांतील वाट बंद होते. तरीही एका गावचे गाणे दुसऱ्या गावात पोहोचते, आणि आजोबांचे गाणे नातवाच्या ओठी येते. ही किमया कोण करते?

माडिया गावात गोटुल नावाची एक सार्वजनिक जागा असते. गावाची सभा तेथे भरते, परगावचा पाहुणा तेथे उतरतो. आणि दिवसभराची कामे आटोपली म्हणजे तरुण मुलेमुली तेथेच गाण्यासाठी व नाचासाठी जमतात. गोंड लोकांच्या परंपरेप्रमाणे गोटुलाचा संस्थापक लिंगो हा होय. तो अठरा वाद्ये वाजवीत असे, असे सांगतात. ज्याने गोटुल दिले त्यानेच संगीत दिले, ही या लोकांची श्रद्धा मोठी अर्थपूर्ण आहे.

गोटुलात फळा नाही, पुस्तक नाही आणि परीक्षाही नाही. ढोलाचा ठेका सुरू होतो. हातात हात गुंफून ओळ उभी राहते आणि रेला नृत्याला रंग चढतो. एका गटाने ओळ म्हणावी, दुसऱ्याने ती उचलून धरावी, असा क्रम चालतो. लहान मुले मोठ्यांच्या शेजारी उभी राहून पाऊल उचलतात. चुकतात, पुन्हा प्रयत्न करतात, आणि पाहता पाहता शिकतात. आज शिकणारा उद्या शिकवणारा होतो.

ही विद्या एका गावात कोंडून राहत नाही. बस्तरमधील मुरिया लोकांविषयी व्हेरियर एल्विन यांनी १९४७ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गोटुलातील तरुण पौष महिन्यात हाती काठ्या घेऊन नाचत गात गावोगाव जात, असे त्यांनी त्यात नोंदवून ठेवले आहे. या नृत्ययात्रेला पूस कोलांग म्हणत. अशा भेटींत एका गावचे गाणे दुसऱ्या गावच्या कानी पडे.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संगीत कागदावर उतरविता यावे म्हणून त्यांनी स्वरलिपीही तयार केली. कागदावरचे गीत पन्नास वर्षे वाट पाहू शकते. माडियांचे गाणे मात्र पिढ्यान्‌पिढ्या केवळ मुखानेच चालत आले आहे. एका पिढीने गायचे सोडले, की ते कायमचे लोपते.

बाबा आमटे यांनी १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे रुग्णसेवा आरंभिली. पुढे १९७६ साली निवासी शाळा निघाली आणि अरण्यातील मुलांना ज्ञानाचे दार उघडले. परंतु जो मुलगा शिकण्यासाठी घर सोडतो, त्याची गोटुलातील संध्याकाळ सुटते. अक्षर मिळवताना गाणे गमवावे काय? तसे मुळीच नाही. निवासी शाळेत अनेक गावांची मुले एकत्र नांदतात. प्रत्येकाने आपल्या गावचे गाणे सोबत्यांना शिकवले, शिक्षकांनी ते आस्थेने ऐकले, आणि सुट्टीत घरी गेल्यावर मुलांनी वडीलधाऱ्यांकडून नवे गाणे मागून आणले, तर शाळा हेच अनेक गावांचे गोटुल होईल.

धन वाटले तर कमी होते. गाणे वाटले तरच उरते.

स्वाध्याय
१. गोटुलाचे गावाला कोणकोणते उपयोग होतात?
२. पूस कोलांग म्हणजे काय?
३. ‘आज शिकणारा उद्या शिकवणारा होतो.’ स्पष्ट करा.
४. तुमच्या घरातील वडील माणसांकडून एक जुने गाणे शिका व ते वर्गात म्हणून दाखवा.