याकोब ह्या नांवाचे अनेक धनी

शास्त्रांत एकच नांव अनेक माणसांस असलेलें पुष्कळदां आढळतें. मरीया, योहान, शिमोन, यहूदा हीं नांवें अशींच आहेत. नव्या वाचकाचा येथें घोटाळा होतो. आणि जो उपदेशक हा घोटाळा न सोडवितां शिकवितो, तो एकाचें मरण दुसऱ्याच्या पदरीं घालतो. म्हणून ह्या पाठासाठीं आम्हीं याकोब हें एकच नांव घेतलें आहे. वाचकांनीं शास्त्र उघडून जवळ ठेवावें आणि दिलेलीं स्थळें स्वतः पडताळून पहावीं.

१. नांवाचा अर्थ. इब्री भाषेंत टाचेला 'आकेब' म्हणतात. इसहाकाच्या जुळ्या मुलांपैकीं धाकटा जन्मतांना थोरल्याची टाच धरून होता, म्हणून त्याला याकोब हें नांव पडलें (उत्पत्ति २५:२६). त्याच धातूचा दुसरा अर्थ, मागून येऊन दुसऱ्याची जागा बळकावणें, ठकविणें, असा आहे. ज्येष्ठपणाचा हक्क आणि बापाचा आशीर्वाद हीं दोन्हीं गेल्यावर एसावानें संतापून हाच अर्थ काढून दाखविला (२७:३६). शिवाय मेसापोटेम्यांतील प्राचीन मातीच्या लेखपट्ट्यांत ह्याच धातूचें, शेवटीं देवाचें नांव जोडलेलें, असें एक नांव सांपडतें. त्याचा अर्थ 'देव रक्षण करो' असा पंडित करितात. म्हणजे त्याच अक्षरांत टाच आहे, कपट आहे आणि रक्षणाची प्रार्थनाही आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. आंधळ्या बापानें, तूं कोण, असें विचारिलें तेव्हां याकोबानें थोरल्या भावाचें नांव सांगितलें (२७:१९). पुढें पुष्कळ वर्षांनीं याब्बोक नदीच्या उताराजवळ रात्रभर झोंबी झाल्यावर त्याला पुन्हां नांव विचारण्यांत आलें, तेव्हां त्यानें स्वतःचेंच नांव सांगितलें (३२:२७). त्यानंतरच त्याला इस्राएल हें नवें नांव मिळालें. ज्यानें आपलें खरें नांव कबूल केलें त्यालाच नवें नांव मिळालें.

२. नव्या करारांतील याकोब. (अ) मत्तयाच्या वंशावळींत दोन याकोब आहेत. पहिला इसहाकाचा पुत्र; दुसरा मरीयेचा पति जो योसेफ त्याचा बाप (मत्तय १:२, १६). दोघांच्याही पुत्रांत योसेफ हें नांव आहे, म्हणून येथें विशेष सावध असावें. (आ) जब्दीचा पुत्र याकोब, योहानाचा भाऊ. ह्याला पहिल्या हेरोद अग्रिप्पानें इ. स. ४४ च्या सुमारास तरवारीनें मारविलें. (इ) अल्फीचा पुत्र याकोब; हाही बारा जणांपैकींच. (ई) धाकटा याकोब (मार्क १५:४०). हा व अल्फीचा पुत्र एकच, असें पुष्कळांस वाटतें; परंतु शास्त्रांत तसें स्पष्ट सांगितलेलें नाहीं. (उ) लूक ६:१६ येथें ज्याच्या नांवावरून दुसऱ्या यहूदाची ओळख दिली आहे तो याकोब. (ऊ) प्रभूचा भाऊ याकोब (मार्क ६:३, गलती १:१९). प्रथम प्रभूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता (योहान ७:५). पुढें हाच याकोब यरुशलेमेंतील मंडळीचा आधारस्तंभ झाला. याकोबाचें पत्र परंपरेनें ह्याचेंच मानितात. इ. स. ६२ मध्यें त्याला दगडमार करून मारविल्याची हकीकत यहूदी इतिहासकार योसेफस ह्यानें लिहून ठेविली आहे.

परीक्षेसाठीं प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १२, वाचावा. दुसऱ्या ओवींत याकोब मारला जातो. सतराव्या ओवींत पेत्र बंदिवासांतून सुटल्यावर, हें याकोबाला कळवा, असें सांगतो. मेलेल्याला निरोप कसा जाईल? पहिला जब्दीचा, दुसरा प्रभूचा भाऊ, हें कळलें कीं कोडें सुटतें.

३. नांवाचा प्रवास. ग्रीक भाषेंत पूर्वज व योसेफाचा बाप ह्यांस 'याकोब' असें नुसतें लिहितात, व प्रेषित आदिकरून इतरांस ग्रीक प्रत्यय लावून 'याकोबस' म्हणतात. मराठींत सर्वांस याकोबच म्हणतात. इंग्रजींत मात्र पूर्वजास जेकब व प्रेषितास जेम्स म्हणण्याची चाल आहे; हीं दोन्हीं एकच नांव, हें इंग्रजी शिकलेल्या तरुणांसही पुष्कळदां ठाऊक नसतें. स्पेन देशांत संत याकोबाचें सांतियागो झालें, आणि इ. स. १५४१ मध्यें वसलेल्या चिली देशाच्या राजधानीस तेंच नांव मिळालें. आमच्या मुसलमान शेजाऱ्यांचा याकूब तोही हाच. केरळांतील याकोबी सुरियानी मंडळीचें नांव मात्र वरील कोणावरूनही नव्हे, तर इ. स. ५७८ मध्यें वारलेल्या याकोब बराडायस नामक बिशपावरून पडलें आहे.

४. आम्हांस बोध. आमच्या खेड्यांत आधींचीं मुलें दगावलीं म्हणजे पुढच्यास दृष्ट लागूं नये म्हणून दगडू, धोंडू, उकिरडा अशीं नांवें ठेवण्याची रीत होती. बाप्तिस्म्याच्या वेळीं अशा नांवाची लाज वाटून कित्येक शास्त्रांतील नांव मागतात. मागितल्यास देण्यास हरकत नाहीं. परंतु जुनें नांव टाकल्यावांचून बाप्तिस्मा नाहीं, असें कोणा उपदेशकानें सांगूं नये. शास्त्रांत तशी आज्ञा नाहीं. ज्या नांवांत कपटाचा अर्थ निघत होता तें नांव, इस्राएल हें नांव मिळाल्यावरही, पुसलें गेलें नाहीं; उलट स्तोत्रांत परमेश्वरास वारंवार याकोबाचा देव म्हटलें आहे. ज्याच्या नांवापुढें देव आपलें नांव जोडावयास लाजला नाहीं, त्याच्यापेक्षां दगडूचें नांव हलकें नाहीं. ज्या माउलीनें भीतभीत तें ठेविलें, तिच्याही मनांत देवानें लेकरूं राखावें हीच प्रार्थना होती.

शब्बाथशाळेसाठीं प्रश्न: (१) बारा प्रेषितांत याकोब किती व ते कोणाचे पुत्र? (२) प्रे. कृत्यें १५:१३ येथें बोलणारा याकोब कोणता, व कशावरून? (३) आपल्या मंडळींतील प्रत्येकानें आपल्या नांवाचा अर्थ घरच्या वडील माणसांस विचारून पुढील रविवारीं सांगावा.