'टेक' म्हणजे नुसते 'घेणे' नव्हे



'टेक' हा इंग्रजी शब्द आपण दुसरी-तिसरीतच शिकलो. टेक म्हणजे घेणे किंवा नेणे. झालं, शब्द आला, असं मला वाटत होतं. (वर्गात 'टेक' म्हटलं की काहीजण मुद्दाम भिंतीला टेकतात, ते सोडा.)

मागच्या पावसाळ्यात माझ्या आजीचे गुडघे फार दुखू लागले. वडिलांनी तालुक्याहून दोन बाटल्या आणल्या. एक पिण्याची, एक चोळायची. त्या ठेवून ते परत कामावर गेले. संध्याकाळी आजी म्हणाली, "बाळा, वाच रं, काय लिवलंय हिच्यावर?" बाटलीवर बारीक अक्षरांत होते, 'नॉट टू बी टेकन'. टेक, टुक, टेकन ही रूपे मला तोंडपाठ. मी ऐटीत सांगितले, "ही बाटली कुठं न्यायची नाही, घरातच ठेवायची."

आजीने झाकणात औषध ओतलेसुद्धा! तेवढ्यात आईला उग्र वास आला. ती चुलीपुढून धावत आली. "आत्याबाई, थांबा! ते चोळायचं हाय!" आजीच्या हातातले झाकण खाली पडले. मला कोणी रागावले नाही, पण त्या रात्री मला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "औषधाच्या बाबतीत टेक म्हणजे पोटात घेणे. 'पोटात घेऊ नये' असं लिहिलं होतं तिथं."

तेव्हापासून मी वहीत टेकची वाक्ये जमवतो. 'टेक अ बाथ' म्हणजे आंघोळ करणे. 'टेक अ फोटो' म्हणजे फोटो काढणे. 'इट टेक्स टू आवर्स' म्हणजे दोन तास लागतात. पाहुण्याला 'टेक अ सीट' म्हटले तर बसा, खुर्ची उचलून न्या असे नव्हे! इंग्रजीत एकच टेक, पण मराठीत कुठे करणे, कुठे काढणे, कुठे लागणे. म्हणून मी आता टेकच्या पुढचा शब्द आधी बघतो, मग अर्थ सांगतो.

गुरुजींनी आणखी एक गंमत सांगितली. हा शब्द मुळात इंग्रजांचा नाही. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक समुद्रातून येऊन इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत राहिले. त्यांच्या बोलीत घेणे याला 'टाका' म्हणत. आपल्याकडे टाका म्हणजे फेका, आणि त्यांच्याकडे घ्या! इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द 'निमन' होता. तो हळूहळू मागे पडला आणि पाहुणा शब्द घरचा झाला. अंड्याचा 'एग' हा शब्दही त्याच लोकांकडून आलेला आहे.

सर्वांत उलटे प्रकरण परीक्षेचे. मराठीत गुरुजी परीक्षा घेतात आणि आपण देतो. मी एकदा निबंधात 'आय गिव्ह एक्झाम' लिहिले, तर खाली लाल रेघ आली. इंग्रजीत मुलगा परीक्षा 'टेक' करतो आणि शिक्षक 'गिव्ह' करतात. मी दोनदा विचारून खात्री केली.

सोमवारी आमची इंग्रजीची चाचणी आहे. गुरुजी घेणार, आम्ही देणार. पेपरात लिहायची वेळ आली तर मात्र गुरुजी गिव्ह आणि आम्ही टेक.