नासक हिऱ्याचा लिलाव

माझ्या प्रवेशाच्या फीसाठी आईने बुगड्या मोडल्या. सराफाने घट धरून वजनाचेच पैसे दिले; घडणावळ बुडाली. म्हणूनच नासक हिऱ्याची हकीकत वाचताना मी थबकलो.

त्र्यंबकेश्वराचा म्हणून सांगितला जाणारा हा हिरा १८१८ साली, पेशवाई बुडाली तेव्हा, इंग्रजांच्या लुटीत गेला. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने ८० कॅरटांचा तो हिरा नव्याने कापवून ४३.३८ कॅरटांवर आणला. जवळजवळ निम्मे वजन गेले, पण तेज चढले. १९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात तो ५ लाख डॉलरना विकला गेला. म्हणजे तेथे मोल घडणीचे! सोन्याची गोष्ट निराळी, हे मान्य.

आईला हे सांगितले. तिने विचारले, “त्यातले देवाला काय मिळाले?”