जुना प्रोजेक्टर घेताय? आधी दिव्याचा भाव काढा

आठ मिलिमीटरचा जुना घरगुती प्रोजेक्टर कुणी पाच हजारांना देतो, कुणी पंधरा हजार सांगतो. यातला महागात कोणता पडेल हे मागितलेल्या किमतीवरून कळत नाही. दिवा, पट्टा आणि गिअर पाहिल्यावर कळतं.

आधी रीळ ओळखा

घरातल्या रिळाला जुळेल तेच यंत्र घ्यायचं. कोडॅकने १६ मिमी फिल्म १९२३ मध्ये आणली, साधी ८ मिमी १९३२ मध्ये आणि सुपर ८ १९६५ मध्ये. साध्या आणि सुपर ८ ची रुंदी सारखीच, फरक भोकांत असतो. साध्या फिल्मची भोकं मोठी आणि दोन चित्रांच्या सीमेवर. सुपरची बारीक आणि चित्राच्या मध्याच्या रेषेत. एकाची फिल्म दुसऱ्याच्या यंत्रात ओढली तर भोकं फाटतात. घरात दोन्ही असतील तर दोन्ही चालवणारं ‘ड्युअल’ यंत्र शोधा.

१६ मिमीच्या बोलपटाला भोकं एकाच कडेला असतात, दुसऱ्या कडेला आवाजाची पट्टी असते. दोन्हीकडे दाते असलेल्या मूकपटाच्या यंत्रात तो घातला, तर दाते थेट त्या पट्टीतच घुसतात.

खिशाचा हिशेब

पुढचे आकडे अंदाजपत्रकासाठी आहेत. यंत्राच्या मॉडेलप्रमाणे ते बदलतील.

- चालू स्थितीतलं ८ मिमी यंत्र: ८,००० ते १५,००० रुपये. आवाजाचं १६ मिमी यंत्र याहून महाग.
- जादा दिवा: ५०० ते १,५०० रुपये. १२ व्होल्ट १०० वॉटचा हॅलोजन त्यातल्या त्यात सहज मिळतो. जुन्या काचेच्या मोठ्या दिव्यांसाठी मात्र शोधाशोध करावी लागते आणि दर विक्रेता सांगेल तो.
- रबरी पट्टा: ३०० ते ८०० रुपये.
- अमेरिकी यंत्राला ११० व्होल्टचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर: २,००० ते ३,००० रुपये.
- साफसफाई, तेलपाणी, किरकोळ दुरुस्ती: १,५०० रुपये बाजूला ठेवा.

म्हणजे आठ हजारांचं अमेरिकी यंत्र सुरळीत चालेपर्यंत तेरा-चौदा हजारांवर जातं. शिवाय ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. मोटरचा वेग हर्ट्झवर ठरत असेल तर २४ चित्रांचा वेग २० वर येतो आणि आवाज घोगरा होतो.

कोल्हापूरकरांची सोय

जुन्या यंत्रांतले प्लॅस्टिकचे गिअर तडकतात आणि मूळ सुटा भाग मिळत नाही. पण चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी आपला कॅमेरा कोल्हापुरातच घडवला होता, आणि लेथवर बसलेले कसबी हात शिवाजी उद्यमनगरात आजही आहेत. तुटलेला तुकडा टाकून देऊ नका. नमुना म्हणून तोच घेऊन जा. बुश किंवा शाफ्ट टर्नरकडे होईल, वर्म गिअरसाठी गिअर कटिंगवाला गाठा. काम सुरू होण्याआधी मजुरी ठरवा, कारण एका नगालाही मशीन लावण्याचा वेळ तेवढाच लागतो.

कुठे शोधायचं

पहिली चौकशी गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओंत करा. मग पुण्याचा जुना बाजार, तो रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट. ऑनलाइन घेताना यंत्र चालू असल्याचा व्हिडिओ मागा आणि पार्सल करताना लेन्स व दिवा काढून वेगळे बांधायला सांगा.

पैसे मोजण्याआधी

१. फिल्म न घालता दहा मिनिटं चालवा. जळका वास, खरखर, बंद पंखा यांपैकी काही आढळलं तर थांबा.
२. लेन्समधून बॅटरीचा उजेड टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती वाढतेच.
३. टाकाऊ फिल्मचा दोन मीटर तुकडा चालवून पाहा. त्यावर उभी रेघ उमटली तर गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या फटीत, कचरा आहे किंवा गेट खराब आहे.
४. फिल्म मध्येच थांबली तर दिव्याच्या उष्णतेने चित्र वितळतं. दिवा लगेच कसा बंद होतो ते विक्रेत्याकडून शिकून घ्या.

फिल्म चढवण्याचा हात याच टाकाऊ तुकड्यावर बसवा, घरच्या रिळावर नको. गेटच्या वर आणि खाली फिल्मचं सैल वळण राहतंय ना, हे दर वेळी पाहा. ते ताणलं गेलं की चित्र थरथरतं.

कधी घेऊ नये

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा अ‍ॅसिटेट पाया कुजू लागला आहे. अशी आखडलेली फिल्म प्रोजेक्टरवर चढवू नका. डबा इतर रिळांपासून दूर ठेवा आणि आधी स्कॅनिंगचा दर विचारा. घरात चार-सहाच रिळं असतील आणि ती एकदाच पाहायची असतील, तरीही स्कॅनिंगच परवडेल. प्रोजेक्टर घ्यावा तो रिळं भरपूर असतील, किंवा यंत्र उघडून हात काळे करायची हौस असेल तेव्हाच.