डबक्यातले पिवळे बेडूक

प्रश्न : गोव्यात बेडकाच्या तंगड्या खाल्ल्या होत्या. बोरिवलीत आमच्या इमारतीमागच्या डबक्यात पहिल्या पावसात मोठे पिवळे बेडूक येतात. ते कसे पकडावेत, साफ करावेत?

उत्तर : कृपा करून पकडूच नका. हा भारतीय बुलफ्रॉग. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला मारणं गुन्हा आहे. गोव्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून मिळणाऱ्या बेडकाच्या तंगड्यासुद्धा बेकायदाच. तंगड्यांची निर्यातही १९८७मध्ये बंद झाली. पिवळे दिसतात ते नर. गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून माद्यांना बोलावतात. टॉर्चच्या झोतात थिजतात, म्हणून नेमके विणीच्या रात्रीच मारले जातात. शिवाय उपनगरातल्या डबक्यांत गटाराचं पाणी मिसळतं. पावसात रस्सा हवाच, तर बाजारातून चिंबोऱ्या आणा. नांग्या ठेचा, बारीक पाय वाटून त्यांचं पाणी रश्श्यात गाळा.