क्षीण आवाजावर उपाय



नोव्हेंबर २०२० मध्ये तेल अवीव ते दुबई थेट प्रवासी विमाने सुरू झाली आणि मुंबई-ठाण्याच्या व इस्राएलच्या नातलगांना मधल्या वाटेवर भेटणे सोयीचे झाले. अशा भेटीत कोणी तरी मोबाइलवर आजीचे बोलणे टिपून घेतो. कुलाबा जिल्ह्यातले जुने घर, तेलाचा घाणा, लग्नातली गाणी, सारे ती सांगते. घरी येऊन पाहावे तर आजी दिसते, ओठ हलतात, पण कानी येते ती एअर कंडिशनरची घरघर! चित्रपटात असे झाले तर नटाला स्टुडिओत बोलावून संवाद पुन्हा म्हणवून घेतात. आजीला पुन्हा बोलावता येईलच असे नाही. म्हणून हा धडा.

प्रथम कारण पाहू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. आजी एका हातावरून चार हातांवर गेली की १२ डेसिबल गेले. एअर कंडिशनर मात्र होता तेवढाच गरजत राहतो.

मग आवाज नुसता वाढवला तर? संगणकात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते. तिच्या वर आवाज फाटतो. समजा, आजीचे बोलणे उणे ४० वर आहे आणि घरघर उणे ६० वर. आपण ३४ डेसिबल वाढवले, तर बोलणे उणे ६ वर येईल, पण घरघरही उणे २६ वर चढेल. दोघांतील अंतर २० होते, २०च राहिले. म्हणून आधी घरघर कमी करावी, मग आवाज चढवावा.

क्रम असा ठेवावा:

१. मूळ फीत जशीच्या तशी जपून ठेवावी. काम नकलेवर करावे. ऑडॅसिटी हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो.

२. सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा. अमिरातीत वीज ५० हर्ट्झची आहे, तिची गुणगुण तेथेच असते. १०० हर्ट्झवर ती उरली तर तेवढीच बारीक पट्टी काढावी.

३. जेथे कोणीच बोलत नाही असा एक-दोन सेकंदांचा तुकडा घरघरीचा नमुना म्हणून द्यावा आणि घरघर ६ ते १२ डेसिबलच कमी करावी. हाव धरली तर आजी पाण्याखालून बोलल्यासारखी वाटते.

४. नंतर कॉम्प्रेसर लावावा. तो मोठा आवाज दाबतो, त्यामुळे एकंदर आवाज चढवायला जागा मिळते. तीनास एक हे प्रमाण सुरुवातीस पुरे.

५. मग आवाज चढवावा आणि शेवटी लिमिटर लावून उणे १ च्या वर काही जाऊ देऊ नये.

इतके करूनही काही शब्द कळणार नाहीत. तेथे खाली मराठी अक्षरे द्यावीत, पण न कळलेल्या शब्दाच्या जागी टिंबे घालावीत. आवाज स्वच्छ करणारी नवी संगणकी साधने कधी कधी अक्षरच बदलून टाकतात. मूळ फितीशी ताडून पाहिल्यावाचून त्यांच्यावर विसंबू नये. आजीने न उच्चारलेला शब्द तिच्या तोंडी घालणे आम्हांस गैर वाटते. नातवंडे पुढे तोच खरा मानतील.

यापुढे टिपताना मात्र दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या छातीजवळ ठेवावा आणि आरंभी एक टाळी वाजवावी. तिच्यावरून दोन्ही फिती जुळवता येतात. एअर कंडिशनर दहा मिनिटे बंद करता आला तर उत्तम. पण दुबईच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. वृद्ध माणसाला घामाघूम करून टिपण घेऊ नये. आणि आधी परवानगी विचारावी. संमतीवाचून टिपून दुसऱ्याच्या खासगीपणाचा भंग करणे हा तेथील २०२१ च्या सायबर कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्या रीतीतही वडीलधाऱ्यांना विचारूनच पुढे जायचे असते.

ज्यांच्या घरी अशी मुकी फीत पडून आहे त्यांनी ती पुसू नये. या सुट्टीत एखाद्या नातवाला शेजारी बसवून वरील क्रमाने प्रयत्न करावा. मराठी शब्द ओळखण्यास त्याला तुमचे कान लागतील.