शब्द शिकूया : ‘मेटॅनिल यलो’ म्हणजे काय?



हळद, मसाला, शेव, बुंदीचे लाडू ही आपल्या कर्जत-खालापूरच्या गटांची नेहमीची कामं. माथेरानला आलेला पर्यटक असो की गावातलं गिऱ्हाईक, चव घ्यायच्या आधी रंग बघतं. म्हणून या वेळी एका रंगाचं नाव शिकूया. नाव परकं वाटतं, पण त्यात आपलाच एक शब्द लपलाय.

शब्दाचा अर्थ

‘यलो’ म्हणजे पिवळा, हे माहीतच आहे. ‘मेटॅनिल’मधलं ‘अनिल’ आलंय ‘अ‍ॅनिलीन’ या रसायनावरून. हे रसायन सुरुवातीला निळीपासून काढलं गेलं. आपला संस्कृत ‘नील’ शब्द अरबांकडून पोर्तुगीजांकडे गेला, तिथे ‘अनिल’ झाला, आणि त्यावरून ‘अ‍ॅनिलीन’ हे नाव पडलं. म्हणजे बघा, पिवळ्या रंगाच्या नावात नीळ!

पुढे अ‍ॅनिलीन दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळू लागलं. 1856 मध्ये लंडनच्या विल्यम पर्किन या 18 वर्षांच्या मुलाने त्यातून जांभळा रंग बनवला आणि कृत्रिम रंगांचे कारखाने सुरू झाले. मेटॅनिल यलो त्याच घराण्यातला. त्याचं दुसरं नाव ‘अ‍ॅसिड यलो 36’.

वापर कुठे होतो?

हा रंग लोकर, रेशीम, चामडं आणि कागद रंगवायचा आहे. आपल्या देशात खाण्यात वापरायला त्याला परवानगी नाही. तरी स्वस्त आणि चमकदार म्हणून हळद, बेसन, डाळ, मिठाईत तो सापडतो. उंदरांना हा रंग बरेच दिवस खाऊ घातल्यावर त्यांच्या मेंदूवर वाईट परिणाम दिसले आहेत.

खाण्यात चालणारे कृत्रिम रंग आठच आहेत. त्यातले पिवळ्या-केशरी छटेचे दोन: टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. तेही ठरवून दिलेल्याच पदार्थांत, आणि साधारण एका किलोला 100 मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे एका ग्रॅमचा फक्त दहावा भाग. चिमटीच्या अंदाजाने हे मोजता येत नाही. हळद पावडरीत तर वरून कुठलाच रंग घालायचा नाही.

ओळखायचं कसं?

हळदीला चुना लावला की ती लाल होते, कुंकू तसंच बनतं. पण ‘लाल झाली म्हणजे शुद्ध’ असं समजू नका. भेसळीच्या हळदीतही थोडी खरी हळद असतेच, ती लाल होणारच.

त्यापेक्षा हे करून बघा:
1. काचेच्या ग्लासात साधं पाणी घ्या.
2. त्यात एक चमचा हळद टाका आणि तळाला बसू द्या.
3. पाणी फिकट पिवळं राहिलं तर ठीक. गडद पिवळं झालं तर रंग मिसळल्याचा संशय घ्या.

प्रयोगशाळेत तीव्र आम्ल घालून बघतात. हळदीनेही गुलाबी रंग येतो, पण पाणी ओतल्यावर तो जातो. मेटॅनिल यलोचा गुलाबी रंग टिकून राहतो. हे आम्ल भाजतं, म्हणून घरी करू नका. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. फी भरून ग्राहकालाही नमुना तपासून घेता येतो, तसा कायद्यातच हक्क आहे.

खरेदी करताना

• शक्यतो हळकुंडं आणा आणि गटातच दळा.
• बिननावाच्या पुडीतला ‘केशरी रंग’ किंवा ‘जिलेबी रंग’ घेऊ नका.
• खाण्याच्या रंगाच्या डब्यावर रंगाचं नाव, एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि मुदत वाचा. ‘खाण्यासाठी नाही’ असं लिहिलं असेल किंवा नावच नसेल तर परत करा.
• माल घेतल्याचं बिल गटाच्या फाईलला लावा. तयार मालात भेसळ निघाली तर कच्चा माल कुठून आला ते दाखवता आलं पाहिजे.

फिकी हळद थोडी कमी खपेल, हे खरं. मग पाकिटावर लिहा, ‘वरून रंग घातलेला नाही’. पण एका पाकिटात असला रंग सापडला तर सगळ्या गटाचं नाव जातं. आणि आपल्या हळदीची पहिली भाजी आपल्याच लेकरांच्या ताटात पडते.

बैठकीत चर्चेसाठी

1. आपला गट कोणत्या पदार्थात रंग घालतो? कशासाठी?
2. त्या डब्यावरचं नाव एका ताईने मोठ्याने वाचून दाखवा. ते आठ रंगांतलं आहे का?
3. घरच्या हळदीची पाण्याची चाचणी सगळ्यांसमोर करा आणि काय दिसलं ते वहीत लिहा.